शेवटच्या अंकात लपलेला वायू: कॉलेजच्या रसायनशास्त्राची सुरुवात कशी करावी

अकरावी सायन्स असो की एफवायबीएससी, रसायनशास्त्राची पहिली दोन-तीन प्रकरणं बहुतेक मुलं घाईघाईत उरकतात. द्रव्य म्हणजे काय, एककं कुठली, अणूत काय असतं, हे दहावीपर्यंत झालेलंच असतं. मग त्यात नवीन ते काय? पुढे मोलची गणितं आणि टायट्रेशन (द्रावणात दुसरं द्रावण थेंबाथेंबानं मिसळून मोजणं) आलं की उत्तर हजारपट चुकतं, नाहीतर शेवटच्या अंकाला गाईडशी जुळत नाही. गुणाकार-भागाकार येत नसतो असं नाही. आकडा वाचायचा कसा, हे राहून गेलेलं असतं.

रसायनशास्त्रातला आकडा नुसतं 'किती' सांगत नाही. कशात मोजलं आणि कितपत खात्रीनं मोजलं, हेही तोच सांगतो. हे एकदा डोक्यात बसलं की पहिली तीन प्रकरणं एकमेकांना जोडलेली दिसायला लागतात. सोबतीला एक मूलद्रव्य घेऊ, आर्गॉन. तो कशाशी सहसा संयोग पावत नाही, त्याला रंग नाही, वास नाही. पण मोजमापापासून अणूपर्यंतचा रस्ता त्याच्याइतका सरळ दुसरं कुणी दाखवत नाही.

पायरी १: वर्गीकरण, पण पटकन

पदार्थ समोर आला की दोन प्रश्न विचारा. साध्या भौतिक पद्धतींनी, म्हणजे गाळून, उकळून, ऊर्ध्वपातन करून, त्याचे घटक वेगळे होतात का? आणि घटकांचं प्रमाण नेहमी ठरलेलंच असतं का? घटक वेगळे होतात आणि प्रमाण बदलू शकतं, तर ते मिश्रण. प्रमाण पक्कं आहे आणि घटक फक्त रासायनिक क्रियेनंच सुटतात, तर संयुग. रासायनिक क्रियेनंही आणखी साधं होत नाही, ते मूलद्रव्य.

मुलं अडकतात ती एकसारख्या दिसणाऱ्या मिश्रणांपाशी. सराफाकडचं २२ कॅरेटचं सोनं कुठूनही कापलं तरी सारखंच असतं, तरी ते मिश्रण आहे: २४ पैकी २२ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी वगैरे. हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा त्यातूनच येतो. दूध एकजीव दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली स्निग्धाचे थेंब तरंगताना दिसतात, म्हणून ते विषमांगी. दुकानातलं शुद्ध तूप हेही मिश्रणच. एवढं कळलं की पुढे चला, या भागावर आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हवेतून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प काढून टाकलं की उरतो तो शुद्ध नायट्रोजन, असं १८९४ पर्यंत सगळेच रसायनशास्त्रज्ञ मानत होते. ते चूक होतं, आणि ती चूक पकडली तराजूनं.

पायरी २: उपकरण वाचायला शिका

नियम सोपा आहे. खुणा असलेल्या उपकरणावर सर्वांत लहान भागाच्या पुढचा एक अंक अंदाजानं वाचायचा. ५० मिलीच्या मोजपात्रावर १ मिलीच्या खुणा असतील, तर वाचन २०.० किंवा २२.७ असं लिहायचं, नुसतं २० नाही. पातळी बरोबर रेघेवर असली तरी पुढचं शून्य लिहायचं, कारण ते शून्य तुम्ही पाहिलेलं आहे. डिजिटल तराजूवर अंदाज करायचा नसतो, पडद्यावर २४.२० दिसलं तर वहीत २४.२० च उतरवा.

ब्युरेटवर, म्हणजे टायट्रेशनच्या खाली तोटी असलेल्या उभ्या नळीवर, ०.१ मिलीच्या खुणा असतात, त्यामुळे नीट पाहिलं तर दोन खुणांमधला ०.०५ सुद्धा वाचता येतो. अनेक कॉलेजांच्या जर्नलमध्ये ०.१ पर्यंतच लिहायची पद्धत आहे. तिथे तसंच लिहा, पण डोळ्याला पुढचं वाचायची सवय लावा. पातळीचा खालचा वक्र पाहायचा. पोटॅशियम परमँगनेटसारखं गडद द्रावण असेल तर खालचा वक्र दिसतच नाही, तेव्हा वरची कड वाचायची. मात्र सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन एकाच पद्धतीनं घ्यायचं.

डोळा पातळीच्या रेषेत हवा, हे प्रत्येक सर सांगतात. तो वर-खाली झाला तर नेमकं काय बिघडतं, ते समजून घ्या. डोळा वर असेल तर नजर तिरकी खाली जाते आणि पातळी वरच्या खुणेवर असल्यासारखी दिसते. मोजपात्रात त्यामुळे आकडा जास्त येतो आणि ब्युरेटमध्ये कमी, कारण ब्युरेटचं शून्य वर असतं. आता समजा सुरुवातीचं वाचन उभं राहून, वाकून घेतलं आणि शेवटचं खाली बसून, तर दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत, उलट त्यांची बेरीज होते.

आणखी काही बारीकसारीक: ब्युरेटच्या तोटीतला बुडबुडा आधी घालवा, नाहीतर तो मध्येच निघतो आणि फुकटचं आकारमान वाचनात धरलं जातं. भरून झाल्यावर वरचं फनेल काढून ठेवा. त्यातून थेंब ठिबकत राहतात. पिपेट तोंडानं ओढू नका, बल्ब वापरा. नेहमीच्या पिपेटच्या टोकाशी उरलेला शेवटचा थेंब फुंकून बाहेर काढायचा नसतो, तो धरूनच तिच्यावर खूण केलेली असते.

पायलट रीडिंग (अंदाज घ्यायला घेतलेलं पहिलं वाचन) झालं की पुढची तीन वाचनं आणि मग सीबीआर, म्हणजे 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग', जुळून आलेलं वाचन. तिन्ही वाचनं १०.२, १०.२, १०.२ अशी मांडलेली जर्नलं दर वर्षी ढिगानं तपासली जातात आणि तपासणाऱ्याला सगळं कळत असतं. १०.२, १०.३, १०.२ हे खरं वाचन असेल तर तेच लिहा.

पायरी ३: सार्थ अंक, म्हणजे खात्रीचा हिशेब

सार्थ अंक म्हणजे मोजमापातले खात्रीनं वाचलेले अंक आणि शेवटचा अंदाजानं वाचलेला एक. नियम दोनच. गुणाकार-भागाकारात ज्या आकड्यात सर्वांत कमी सार्थ अंक, तेवढेच उत्तरात. बेरीज-वजाबाकीत मात्र सार्थ अंक मोजायचे नाहीत. ज्या आकड्यात दशांश स्थळं सर्वांत कमी, तेवढी उत्तरात. दुसरा नियम मुलं विसरतात आणि नेमका तिथेच घात होतो.

उदाहरण घ्या. तांब्यासारख्या दिसणाऱ्या धातूचा एक तुकडा आहे, वस्तुमान २४.२५ ग्रॅम. मोजपात्रात पाणी २०.० मिली होतं, तुकडा टाकल्यावर २२.७ झालं. आकारमान २.७ मिली. दोन्ही वाचनांत तीन-तीन सार्थ अंक होते, वजाबाकीनंतर उरले दोनच. घनता २४.२५ ÷ २.७ म्हणजे कॅल्क्युलेटरवर ८.९८१४८१… येईल, पण लिहायची ९.० ग्रॅम प्रति मिली. तांब्याची घनता ८.९६, म्हणून 'हे तांबंच' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. आकारमानात ०.१ मिलीची चूक धरली, तर घनता ८.७ पासून ९.३ पर्यंत कुठेही असू शकते. पितळाचे काही प्रकार ८.७ च्या आसपास असतात. म्हणजे या मोजमापावरून तांबं की पितळ, हे सांगताच येत नाही.

उपाय काय? महागडा तराजू आणून काही होणार नाही, कारण अडचण वस्तुमानात नाहीच. कच्चा आकडा आकारमानाचा आहे, तोच सुधारायला हवा. तसेच दहा तुकडे एकत्र टाका: २४२.५ ग्रॅम, पाणी २०.० वरून ४७.१ वर. आकारमान २७.१, आता तीन सार्थ अंक. घनता ८.९५. तीच ०.१ मिलीची चूक धरली तरी ती ८.९२ ते ८.९८ च्या बाहेर जात नाही. पितळ बाद. कुठल्याही प्रयोगात हीच पद्धत वापरा: आधी सर्वांत कच्चा आकडा शोधा आणि सगळी मेहनत त्याच्यावर खर्च करा.

मोजून ठरवलेले पूर्णांक आणि व्याख्येनं ठरलेले आकडे मात्र सार्थ अंकांच्या हिशेबात धरायचे नाहीत. दहा तुकडे म्हणजे दहाच. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, ही व्याख्याच आहे.

आता आर्गॉनकडे. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले वायूंच्या घनता काटेकोरपणे मोजत होते. एकाच काचेच्या फुग्यात, एकाच तापमान-दाबाला, हवेतून मिळवलेला नायट्रोजन भरला तर सुमारे २.३१० ग्रॅम भरायचा. अमोनियासारख्या संयुगांपासून तयार केलेला भरला तर सुमारे २.२९९. फरक अर्धा टक्का. दोन सार्थ अंकांत लिहिलं असतं तर दोन्हीकडे २.३ आलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. रॅलेंना मात्र आपल्या तिसऱ्या आणि चौथ्या अंकाची खात्री होती, म्हणून फरक खरा आहे हे त्यांनी ओळखलं. १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना याचं कारण विचारलं. पुढे विल्यम रॅम्झी यांनी हवेतल्या नायट्रोजनची तापलेल्या मॅग्नेशियमशी क्रिया घडवून तो काढून टाकला आणि जो वायू उरला तो आर्गॉन. साल १८९४. गंमत म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्येच हवेतला नायट्रोजन ठिणग्यांनी संपवत आणला होता आणि १/१२० पेक्षा जास्त नाही एवढा एक बुडबुडा काही केल्या संपत नाही, अशी नोंद करून ठेवली होती. नकोसा उरलेला बुडबुडाही वहीत लिहून ठेवायचा असतो, तो असा. १९०४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रॅलेंना आणि रसायनशास्त्राचं रॅम्झींना मिळालं.

पायरी ४: एकक आकड्याला बांधून ठेवा

प्रत्येक ओळीत आकड्याबरोबर एकक लिहायचं आणि बीजगणितातल्या अक्षरांसारखं ते वर-खाली खोडत जायचं. मुलं म्हणतात, वेळ जातो. जातो, एका गणितामागे अर्धा मिनिट.

२३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचं इंधन हवेतच संपलं. मॉन्ट्रियलहून एडमंटनला जायला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर होतं. लिटरचं वस्तुमान करायला घनता लागते आणि हिशेबात घेतली गेली १.७७. आकडा बरोबर होता, पण तो पौंड प्रति लिटर होता. किलोत तो साधारण ०.८०३. आता मांडणी पाहा:

७,६८२ लिटर × १.७७ पौंड/लिटर = १३,५९७ पौंड

लिटर खोडलं गेलं, उरले पौंड. पुढच्या ओळीत २२,३०० किलोतून १३,५९७ पौंड वजा करायला हात धजावलाच नसता. एकक न लिहिल्यामुळे ती वजाबाकी झाली, ८,७०३ उरले, त्याला पुन्हा १.७७ नं भागून ४,९१७ लिटर इंधन भरलं गेलं. योग्य हिशेब असा: ७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलो; कमी पडतात १६,१३१ किलो; म्हणजे सुमारे २०,००० लिटर. गरजेच्या जेमतेम चौथा भाग भरला गेला होता. वैमानिकांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान तरंगवत गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. परीक्षेत तेवढं नशीब साथ देत नाही.

घनफळाची एककं बदलताना आणखी एक सापळा असतो. १ फूट = ०.३०४८ मीटर, म्हणून १ घनफूट = ०.३०४८ घनमीटर असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. गुणकाचाही घन करायचा असतो: ०.३०४८ × ०.३०४८ × ०.३०४८ = ०.०२८३२ घनमीटर, म्हणजे २८.३२ लिटर. तसंच १ घनसेंटिमीटर म्हणजे १ मिली, पण १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर.

तापमानाचं थोडक्यात: सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवले की केल्विन. वायूंच्या गणितात सेल्सिअस घातलं तर उत्तर हमखास चुकणार.

पायरी ५: मोल, घरच्या खोलीत

मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कणांचा गठ्ठा. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनंच ६.०२२१४०७६ × १०^२३ असा पक्का केला आहे. आवर्तसारणीत आर्गॉनखाली ३९.९५ लिहिलंय, त्याचा अर्थ १ मोल आर्गॉनचं वस्तुमान ३९.९५ ग्रॅम. गणितात हा आकडा '३९.९५ ग्रॅम/मोल' असाच लिहायचा. मग भागायचं की गुणायचं हे एककच सांगतं.

दहा बाय बाराची खोली घ्या, उंची १० फूट. तीत आर्गॉनचे अणू किती?

घनफळ १,२०० घनफूट × २८.३२ लिटर/घनफूट = ३३,९८० लिटर. कोरड्या हवेत आकारमानानं ०.९३% आर्गॉन असतो, म्हणजे सुमारे ३१६ लिटर. २५ अंश सेल्सिअसला आणि १ वातावरण दाबाला त्याची घनता १.६३ ग्रॅम/लिटर. वस्तुमान ३१६ × १.६३ = ५१५ ग्रॅम. मोल ५१५ ÷ ३९.९५ = १२.९. अणू १२.९ × ६.०२२ × १०^२३, म्हणजे ७.८ × १०^२४. शेवटी दोनच सार्थ अंक ठेवले, कारण ०.९३ मध्ये दोनच आहेत आणि खोलीही आपण टेप लावून मोजलेली नाही. मधल्या ओळींत जास्तीचे अंक राहू द्या, पूर्णांकन शेवटी एकदाच करा.

घराच्या एका खोलीत अर्धा किलो आर्गॉन, आणि शंभरेक वर्षं कॅव्हेंडिशच्या बुडबुड्याकडे कुणी वळून पाहिलं नाही!

पायरी ६: अणूच्या आत, ३९.९५ चं कोडं

टॉमसन १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन, रदरफर्ड १९११ मध्ये केंद्रक, चॅडविक १९३२ मध्ये न्यूट्रॉन: ही सालं पाठ असू द्या, पण वेळ खरा द्यायचा तो पुढच्या कोड्याला.

आर्गॉनचं अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशियमचं ३९.१०. मूलद्रव्यं वस्तुमानाच्या चढत्या क्रमानं मांडली तर पोटॅशियम आधी आणि आर्गॉन नंतर. तसं केलं की पाण्यात पेट घेणारा पोटॅशियम राजवायूंच्या गणात जातो आणि काही न करणारा आर्गॉन सोडियमच्या खाली. कोबाल्ट ५८.९३ आणि निकेल ५८.६९, इथेही तीच गत. हेन्री मोसली यांनी १९१३ मध्ये मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि दाखवून दिलं की तिचं वर्गमूळ मूलद्रव्याच्या क्रमांकानुसार सारख्या पायऱ्यांनी वाढतं. क्रम लावायचा तो केंद्रकातल्या धन प्रभारावरून, वस्तुमानावरून नव्हे. कोबाल्ट २७, निकेल २८. पोटॅशियम १९, म्हणून त्याच्या आधीची १८ ची जागा आर्गॉनची. दोन वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीला मोसली मारले गेले. वय २७.

मग वस्तुमान उलटं का? कारण सारणीतला आकडा एका अणूचा नसतो, समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंची, ती भारित सरासरी असते. आर्गॉनसाठी करून पाहा:

आर्गॉन-३६: ३५.९६८ × ०.००३३४ = ०.१२०
आर्गॉन-३८: ३७.९६३ × ०.०००६३ = ०.०२४
आर्गॉन-४०: ३९.९६२ × ०.९९६०४ = ३९.८०४

बेरीज ३९.९४८. म्हणजे हवेतला आर्गॉन जवळजवळ सगळा जड समस्थानिकाचाच. पोटॅशियममध्ये उलट, ९३% हून जास्त हलका पोटॅशियम-३९.

एवढा आर्गॉन-४० आला कुठून? खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० पासून. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यातल्या साधारण दहातल्या एका अणूचं केंद्रक त्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि आर्गॉन-४० तयार होतो, उरलेल्यांचा कॅल्शियम-४०. सारणीत ज्यानं क्रमाचा घोळ घातला तो आर्गॉनचा जडपणा पोटॅशियमनंच दिलेला आहे.

हे तिघे वहीत एकाखाली एक मांडा. आर्गॉन-४०: प्रोटॉन १८, न्यूट्रॉन २२. पोटॅशियम-४०: १९ आणि २१. कॅल्शियम-४०: २० आणि २०. वस्तुमानांक सारखा, अणुअंक वेगळा, म्हणून हे समभार अणू. आर्गॉन-३६ आणि आर्गॉन-४० समस्थानिक. पोटॅशियमचा धन आयन आणि आर्गॉनचा अणू, दोघांकडेही १८ इलेक्ट्रॉन, पण प्रोटॉन वेगळे. आयन झाला की फक्त इलेक्ट्रॉन बदलतात, केंद्रकाला हात लागत नाही. न्यूट्रॉन काढताना सारणीतला ३९.९५ घेऊन '२१.९५ न्यूट्रॉन' असं उत्तर लिहू नका. तिथे वस्तुमानांकच घ्यायचा, आणि तो नेहमी पूर्णांक असतो.

पायरी ७: इलेक्ट्रॉन संरूपण

केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन कवचांत आणि त्यांच्या एस, पी, डी अशा उपकवचांत बसतात; कुठे किती, हे म्हणजे संरूपण. आर्गॉनच्या १८ इलेक्ट्रॉनांनी ३पी उपकवच पूर्ण भरतं. पोटॅशियमचा एकोणिसावा ३डी मध्ये न जाता ४एस मध्ये जातो, म्हणून तो एकटा आणि सहज सुटणारा. भरण्याचा क्रम १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी. क्रोमियम (३डी मध्ये ५, ४एस मध्ये १) आणि तांबं (३डी मध्ये १०, ४एस मध्ये १) हे दोन अपवाद तोंडपाठ हवेत, सीईटीत विचारतात. आणि आयन करताना इलेक्ट्रॉन आधी ४एस मधून काढायचे, ३डी मधून नाही. लोखंडाच्या द्विधन आयनात ३डी मधले सहाही जागच्या जागी राहतात.

सराव

दोनच गणितं, पण एककांसकट. पहिलं: वरच्याच खोलीत ऑक्सिजनचे रेणू किती? ऑक्सिजन हवेत आकारमानानं २१% धरा. सारखं तापमान आणि दाब असताना सारख्या आकारमानात सारखेच कण असतात, त्यामुळे घनता न वापरताही आर्गॉनच्या उत्तरावरून गुणोत्तरानं सुटतं, सुमारे १.८ × १०^२६ यायला हवेत. दुसरं: बोरॉनचे दोन समस्थानिक, वस्तुमानं १०.०१३ आणि ११.००९, सरासरी १०.८१. हलक्याचं प्रमाण काढा. उत्तर २०% च्या आसपास यावं. ८०% आलं, तर क्ष कोणत्या समस्थानिकासाठी धरला होता ते वर जाऊन पाहा.